नाइन इंच नेल्सचा दुसरा अल्बम 'द डाउनवर्ड स्पायरल' : नुसती आदळआपट की आणखी काही?

गंजका_खिळा (धागालेखक)

रॉकच्या मोठ्या धाग्यावर परवा कोणीतरी लिहून गेलं की नाइन इंच नेल्स म्हणजे नुसती आदळआपट, एक 'हर्ट' तेवढं बरं, आणि तेही कंट्री गायक जॉनी कॅशने म्हटलंय म्हणून. तिथेच वाद घातला असता तर त्या धाग्याचा पार चोथा झाला असता, म्हणून हा वेगळा काढतोय. विषय एकच : त्यांचा दुसरा अल्बम, 'द डाउनवर्ड स्पायरल', ८ मार्च १९९४.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बँड म्हणायचं ते स्टेजपुरतं. रेकॉर्डिंगमध्ये सगळा कारभार एकट्या ट्रेंट रेझनरचा. पेनसिल्व्हेनियातल्या मर्सर नावाच्या छोट्या गावचा पोरगा, लहानपणापासून शास्त्रीय पियानो शिकलेला. पुढे क्लीव्हलँडला एका स्टुडिओत झाडलोटीपासून पडेल ते काम केलं, आणि स्टुडिओ रिकामा असेल तेव्हा मालकाच्या परवानगीने रात्री स्वतःची गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यातून १९८९ चा 'प्रिटी हेट मशीन' झाला. सिंथेसायझरवर उभा असलेला, बराचसा नाचता येईल असा अल्बम. तो सावकाश चालला पण चालला, आणि मग टीव्हीटी या रेकॉर्ड कंपनीशी रेझनरचं असं फाटलं की त्याने पुढचं रेकॉर्डिंग लपूनछपून केलं. ते म्हणजे १९९२ चं 'ब्रोकन'. त्यात गिटारींचा नुसता धुरळा आहे. पण ते ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटं रेकॉर्ड, त्यामुळे 'दुसरा अल्बम ब्रोकन नाही का?' असं विचारायला येणार असाल तर चहा पिऊन परत जा. :)

आता मुद्द्यावर येतो. 'डाउनवर्ड स्पायरल' गोंगाटाचा अल्बम म्हणून प्रसिद्ध आहे. माझ्या मते त्याची खरी करामत तो गप्प कधी बसतो यात आहे.

पहिलं गाणं 'मिस्टर सेल्फ डिस्ट्रक्ट'. सुरुवातीला कोणालातरी मारत असल्याचे आवाज येतात, धप्प, धप्प. ते जॉर्ज लूकसच्या 'टीएचएक्स ११३८' या १९७१ च्या सिनेमातून उचललेत. मार जलद होत जातो आणि त्यातूनच गाणं फुटतं. मध्येच सगळं खाली येतं, कुजबुज उरते, पुन्हा भडका. शेवटी गिटारचा एक तुकडा घासल्यासारखा फिरत राहतो, आता स्पीकर जाणार असं वाटतं, आणि तो कापला जातो. हळूहळू विरत नाही, सुरीने कापल्यासारखा बंद होतो. पुढच्या क्षणी 'पिगी' : जरासा बास, मागे ऑर्गन, कानाशी बोलल्यागत गाणं. हा सांधा हेडफोनवर ऐका. गोंगाट इतका वेळ चालू ठेवला होता तो या शांततेची किंमत वाढवायला, हे तिथे कळतं. गंमत म्हणजे 'पिगी'च्या शेवटी ड्रम्स लय सोडून उधळतात. ते रेझनरने स्वतः वाजवलेत आणि तसेच ठेवलेत. सगळं काटेकोर संगणकावर बांधलेल्या अल्बममध्ये हा एक माणूस मोकाट सुटलेला.

दुसरी जागा आणखी मोठी आहे. 'बिग मॅन विथ अ गन' हे जेमतेम दीड मिनिटाचं, अल्बममधलं सगळ्यांत ओंगळ गाणं. त्याला लागून 'अ वॉर्म प्लेस' : शब्द नाहीत, ड्रम्स नाहीत, नुसते हळू सरकणारे सूर. ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीच्या 'क्रिस्टल जपान' या रचनेची छाया त्याच्यावर स्पष्ट आहे, आणि रेझनरने ती नाकारलेली नाही. क्रम उलटा केला असता तर दोन्ही गाणी पडली असती.

आणि 'क्लोजर'. डिस्कोत लोक ज्यावर नाचले ते. त्याचा ठोका रॉक गायक इगी पॉपच्या १९७७ च्या 'नाइटक्लबिंग'मधल्या ड्रम मशीनचा, पार बदलून घेतलेला. लोकांनी ते कामुक गाणं म्हणून डोक्यावर घेतलं. नीट ऐकलं तर त्यात स्वतःची किळस आलेला माणूस आहे. गाणं संपताना थर एकेक करून चढतात आणि शेवटी एक उतरती सुरावट एकटी उरते. ती सुरावट लक्षात ठेवा. मधली सात गाणी सरली की अल्बमच्या शीर्षकगीतात ती गिटारवर परत येते, आणि तोवर गोष्टीतल्या माणसाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

१४ गाणी, ६५ मिनिटं. निर्माते रेझनर आणि फ्लड, मिक्सिंग मुख्यतः अ‍ॅलन मोल्डर. बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या, यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर उतरला. पहिल्यावर साउंडगार्डन या बँडचा 'सुपरअननोन', तोही त्याच दिवशी आलेला. काय दिवस असेल तो दुकानदारांचा!

बोला आता.

मटकी_उसळ

पयला! वाचायचंय अजून. वाखुसा (वाचनखूण साठवली).

सांगलीचा_फ्लॉइड

लेख छान, पण एक विचारतो. एक माणूस हळूहळू आतून कोसळतो, जगापासून तुटतो, मध्ये शांत जागा, मध्ये किंकाळ्या, एक सुरावट पुन्हापुन्हा येते. हे सगळं १९७९ साली पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल'मध्ये झालेलं नाही का? आमच्या पिढीने ते कॅसेटची फीत झिजेपर्यंत ऐकलंय. मग यात नवीन काय? फक्त वैताग वाढला?

गंजका_खिळा

काका, प्रश्न रास्त आहे, आणि 'द वॉल'चं ऋण रेझनरनेच सांगितलंय. दुसरं ऋण बोवीच्या 'लो' या अल्बमचं. पण फरक बघा. 'द वॉल'मध्ये पिंक नावाचा माणूस आहे, त्याची आई आहे, मास्तर आहे, युद्धात गेलेला बाप आहे. का कोसळला याचा पूर्ण पंचनामा आहे. इथे बाप नाही, मास्तर नाही, नावसुद्धा नाही. धर्म, देह, सत्ता, नशा एकेक करून हाताशी धरून बघतो आणि प्रत्येक ठिकाणी आणखी खाली जातो. कारण कोणी सांगत नाही. त्यामुळे ऐकणाऱ्याला 'बिचारा' म्हणून सुटका करून घेता येत नाही. आणि 'द वॉल' लिहिणाऱ्या रॉजर वॉटर्सच्या गोष्टीला शेवटी खटला आहे, भिंत पडते. इथे तसलं काही मिळत नाही.

सांगलीचा_फ्लॉइड

हं. पंचनामा हवा असतो हो माणसाला. असो, ऐकून बघतो.

धा_धिं_ना

तबलजीचे दोन पैसे. भावाने हॉस्टेलात हे लावलं होतं तेव्हा मी उठून जाणार होतो, पण 'मार्च ऑफ द पिग्ज' लागलं आणि हाताने आपोआप मांडीवर मोजायला सुरुवात केली, आणि फसलो. परत लावायला सांगितलं. परत फसलो. मग बसलो कागद घेऊन.

आवर्तन असं आहे : ७, ७, ७, आणि मग ८. एकूण २९ मात्रा. म्हणजे तीनदा रूपकाइतकं अंतर चालायचं आणि चौथ्यांदा केरव्याइतकं. आपल्याकडे साताचं मोजताना एक खात्री असते, की पुढचं आवर्तनही साताचंच येणार. इथे तीनदा ती खात्री देतात आणि चौथ्यांदा एक मात्रा जास्त घालतात. लय एवढी द्रुत की ती जादा मात्रा मोजायला सवड नाही. पाय घसरल्याचं तेवढं जाणवतं. आणि सावरेपर्यंत पुन्हा सात सुरू.

विभाग मात्र रूपकाचे (३-२-२) आहेत असं समजून ऐकायला जाऊ नका, खाली-भरीचं गणित इथे नाही. ड्रम सरळ आदळत जातो. आणि मग गाण्याच्या मध्यात हे सगळं बंद करून एक पियानो येतो, साध्या चारांत, अगदी बाळबोध गोड. तिथे मी मोठ्याने हसलो. २९ मात्रांत फरफटत नेलेल्या माणसाला ते चार मात्रांचं गोड बोलणं चक्क चिडवल्यासारखं वाटतं.

मटकी_उसळ

हे वाचून आत्ता लावलं. तिसऱ्या आवर्तनाला गळालो. तबलेवाले, तुम्हाला दंडवत.

पेठेतला_पंक

त्या गाण्याचा व्हिडिओ बघा. पांढरा पडदा, बँड प्रत्यक्ष वाजवतोय, रेझनर माईकचा स्टँड उडवतो आणि एक माणूस बिचारा सारखा येऊन तो उचलून ठेवतो. बास, एवढंच. दिग्दर्शक पीटर क्रिस्टोफरसन, म्हणजे 'थ्रॉबिंग ग्रिसल' या बँडमधला. ज्यांच्या इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स या लेबलवरून १९७६ मध्ये यंत्रांच्या आवाजांवर उभ्या या सगळ्या प्रकाराला 'इंडस्ट्रियल' नाव पडलं त्यांच्यातलाच एक जण. जुने इंडस्ट्रियलवाले रेझनरला 'पॉपवाला' म्हणून नाकं मुरडतात, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आणि खरं सांगायचं तर पॉपवाला आहेच तो. 'स्किनी पपी' आणि 'मिनिस्ट्री' हे इंडस्ट्रियल बँड कितीही भारी असले तरी त्यांचं गाणं आंघोळ करताना गुणगुणता येत नाही. याचं येतं.

मिक्सरबाई

पुण्यात छोटा स्टुडिओ चालवते, त्यामुळे हा अल्बम माझ्यासाठी अभ्यासाची वही आहे. तांत्रिक बाजू लिहिते, कंटाळा आला तर पुढे जा.

यातल्या गिटारी ऐकताना बऱ्याच जणांना 'भीती का वाटते' ते कळत नाही. नेहमीच्या रॉकमध्ये गिटार अ‍ॅम्पमधून वाजते, समोर माईक, त्या माईकमध्ये गिटारसोबत खोलीही येते. खोलीतली हवा, भिंतींचा परतावा. त्यामुळे वाजवणारा आपल्यापासून दहा-बारा फुटांवर उभा आहे असं कानाला वाटतं. इथे रेझनरने पुष्कळ गिटारी झूम ९०३० नावाच्या प्रोसेसरमधून थेट मिक्सिंग डेस्कवर घेतल्या. खोलीच नाही. अंतरच नाही. आवाज समोर नसून डोक्याच्या आत असल्यागत येतो. ज्या अल्बममध्ये सगळा प्रकार एका माणसाच्या डोक्यात चाललाय तिथे हे अगदी चपखल बसतं. आज लॅपटॉपवर प्लगइन लावून सगळेच असं करतात. १९९३ मध्ये इंजिनिअर मंडळी याला 'चुकीचं रेकॉर्डिंग' म्हणाली असती.

दुसरं, कापाकापी. मॅकवर सुरुवातीच्या काळातलं प्रो टूल्स हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर आणि सोबत अकाईचे सॅम्पलर, म्हणजे आवाज साठवून वाजवणारी यंत्रं. मेमरी आजच्या एका फोटोइतकी. त्यामुळे आवाज घ्यायचा, लहान करायचा, बिघडवायचा, परत घ्यायचा. एड्रियन बेल्यूसारखा गिटारवादक (झॅपा, बोवी, किंग क्रिम्सन असा सगळीकडे वाजवलेला माणूस) बोलावला, त्याच्याकडून भरपूर वाजवून घेतलं आणि मग त्यातले हवे ते तुकडे कापून 'मिस्टर सेल्फ डिस्ट्रक्ट' आणि 'द बिकमिंग'मध्ये बसवले. 'आय डू नॉट वाँट धिस'मधले ड्रम लूप 'जेन्स अ‍ॅडिक्शन' बँडच्या स्टीफन पर्किन्सचे. ड्रमर ख्रिस व्रेनाचं कामही नुसतं वाजवण्याचं नव्हतं. आवाज गोळा करण्याचं होतं.

धागालेखकाने फ्लडला एका ओळीत गुंडाळलंय, ते पटलं नाही. फ्लड म्हणजे डेपेश मोड या बँडचा 'व्हायोलेटर' अल्बम करणारा माणूस. यंत्राच्या आवाजाला मांस कसं चढवायचं हे त्याला ठाऊक होतं. रेझनर एकटाच करता झाला असता तर 'ब्रोकन'चा मोठा भाऊ निघाला असता असं माझं मत.

गंजका_खिळा

मिक्सरबाई, भारी! डोक्यातल्या आवाजाचं कारण आज समजलं. फ्लडबद्दल अर्धं सहमत. 'ब्रोकन'नंतर हळू वाजवायचं, हे रेझनरने आधीच ठरवलं होतं असं मला वाटतं. ते ऐकण्याजोगं कसं करायचं हे फ्लडने बघितलं.

इचलकरंजी_एक्स्प्रेस

मी गाण्यातला नाही. आमच्याकडे यंत्रमागाचा कारखाना होता, बारा माग. लहानपण त्या आवाजात गेलं. चुलत भावाने 'रेप्टाइल' ऐकवलं तेव्हा सुरुवातीची ती यंत्रं ऐकून मी म्हटलं, अरे हे तर ओळखीचं आहे.

बाहेरच्यांना वाटतं मशीनचा आवाज म्हणजे एकसुरी खटखट. तसं नसतं. प्रत्येक मागाचा धोटा आपापल्या वेळी आपटतो. दोन माग क्षणभर जुळतात, पुन्हा सुटतात. शेडमध्ये उभं राहिलं की त्यातून भलत्याच लयी ऐकू येतात, ज्या कोणीच वाजवत नसतं. आमचे एक जुने कामगार आवाजावरून सांगायचे की सात नंबरचा आता सूत तोडणार. 'रेप्टाइल'मध्ये ते एकावर एक ठेवलेले आवाज तसेच जुळत-सुटत जातात. ज्याने केलंय त्याने कारखाना बघितलेला नसेल, पण कान शेडमधलाच आहे.

बाकीची गाणी फार ओरडतात, क्षमस्व.

धा_धिं_ना

सात नंबरचा सूत तोडणार! वा. या प्रतिसादासाठी धागा वर ठेवतो.

सई_एडिसन

सगळे कौतुकात रमलेत म्हणून नकोसा विषय काढते. हा अल्बम कुठे रेकॉर्ड झाला ते धाग्यात का नाही? लॉस एंजेलिसमधलं १००५०, सिएलो ड्राइव्ह. ऑगस्ट १९६९ मध्ये जिथे चार्ल्स मॅन्सनच्या खुनी टोळीने अभिनेत्री शॅरन टेट आणि आणखी चौघांना मारलं ते घर. शॅरन साडेआठ महिन्यांची गरोदर होती. दारावर रक्ताने 'पिग' लिहिलं होतं. आणि या माणसाने तिथे भाड्याने राहून स्टुडिओ थाटला, त्याला नाव दिलं 'ल पिग', आणि गाण्यांची नावं 'पिगी', 'मार्च ऑफ द पिग्ज'. घर पाडायच्या आधी ते दार काढून न्यू ऑर्लिन्सच्या आपल्या स्टुडिओला लावलं. तो स्टुडिओ पूर्वी अंत्यविधीची जागा. मला इथे थांबून विचारावंसं वाटतं, की ही कला की जाहिरात?

पेठेतला_पंक

घर घेतलं तेव्हा इतिहास माहीत नव्हता असं तो सांगतो ना?

सई_एडिसन

घेताना नसेल. स्टुडिओला नाव ठेवताना होता.

गंजका_खिळा

सई, मुद्दाम टाळलं होतं कारण या अल्बमबद्दल कुठेही वाचायला घ्या, अर्धा लेख त्या घराचाच असतो. पण निघालाच आहे तर बोलू. मला त्या नावाचं समर्थन करता येत नाही, करायचंही नाही. चोविशी-पंचविशी उलटलेल्या पोराचा थिल्लरपणा, एवढंच.

यातली खरी महत्त्वाची गोष्ट नंतरची आहे. रेझनरने १९९७ मध्ये 'रोलिंग स्टोन'च्या मुलाखतीत सांगितलंय. शॅरनची बहीण त्याला भेटली आणि तिने तोंडावर विचारलं, की माझ्या बहिणीच्या मरणाचा तू फायदा उठवतोयस का? तोवर त्याच्यासाठी ते घर म्हणजे अमेरिकन लोककथेचा एक तुकडा होता. त्या क्षणी पहिल्यांदा डोक्यात आलं की माझी बहीण असती तर? घरी जाऊन रडल्याचं त्याने सांगितलंय. म्हणून केलेलं पुसलं जात नाही, मान्य. पण अल्बम मला त्या घराशिवायही उभा राहिलेला दिसतो. 'पिग' शब्द काढा, घर काढा, गाण्यांतलं काहीही ढळत नाही.

सई_एडिसन

ढळत नाही, पण विक्रीला मदत झाली असणारच. एवढ्यावर थांबते. दार नेण्याचं मात्र मला कधीच पचणार नाही.

सांगलीचा_फ्लॉइड

सईताईंशी १००% सहमत. दार कशाला न्यायचं?

कायद्याचं_बोला

वादांचाच विषय निघालाय तर आणखी एक. 'बिग मॅन विथ अ गन'वरून १९९५ मध्ये अमेरिकेत राजकीय रण पेटलं होतं. माजी शिक्षणमंत्री विल्यम बेनेट आणि नागरी हक्कांच्या कार्यकर्त्या सी. डेलोरेस टकर या दोघांनी टाइम वॉर्नर या माध्यम कंपनीवर मोहीम उघडली : असली गाणी विकता, लाज नाही वाटत? त्यांचा मुख्य रोख गँगस्टा रॅपवर, म्हणजे गुंडगिरीच्या रॅपवर, होता आणि हे गाणं त्याच गठ्ठ्यात ओढलं गेलं. टाइम वॉर्नरने शेवटी हा अल्बम काढणाऱ्या इंटरस्कोप रेकॉर्ड कंपनीतला आपला हिस्साच विकून टाकला. रेझनरचं म्हणणं असं, की ते गाणं बंदूक मिरवणाऱ्या मर्दानगीची टिंगल आहे. म्हणजे टिंगल करणारा आणि ज्यांची टिंगल केली ते, दोघेही एकाच खटल्यात आरोपी.

माझं मत : टिंगल असेल, पण कच्ची आहे. ऐकणाऱ्याला ते समजायला बाहेरून खुलासा लागत असेल तर गाण्यानेच काम पुरं केलेलं नाही.

गंजका_खिळा

मान्य. अल्बममधलं सगळ्यांत कमकुवत गाणं तेच. दीड मिनिटात संपतं ही कृपा.

हार्मोनियम_मास्तर

'हर्ट'वर कोणीच सविस्तर लिहीत नाही म्हणून येतो. कॅशचं चांगलं की मूळ, हा वाद दर दिवाळीला होतो. मला दोन्ही आवडतात, पण दोन्ही एकच गाणं आहे असं समजू नका. पेटी घ्या.

मूळ गाण्यात गिटारची एक ओळ सतत फिरत राहते. तिचा षड्ज बी धरला तर तिच्यात ई शार्प येतो, म्हणजे आपला तीव्र मध्यम. षड्जाशी तो सूर कधीच नांदत नाही. यमनात आपण तो आनंदाने घेतो कारण त्याला पंचमाकडे नेऊन घरी पोचवतो. इथे त्याला कोणी घरी पोचवत नाही. प्रत्येक फेरीला काटा तिथेच, तसाच. गायक शांतपणे गातोय आणि खाली तो सूर बोचतोय. शेवटी एकदम मोठा विद्रूप कॉर्ड येतो आणि मग कितीतरी वेळ नुसता वाऱ्यासारखा घोंघाट.

जॉनी कॅशने २००२ मध्ये, सत्तरीत, निर्माता रिक रुबिनच्या देखरेखीखाली हेच म्हटलं. कॉर्ड साधे : ए मायनर, सी, डी. तीव्र मध्यम गायब. काटाच काढून टाकलाय! त्यामुळे तिथे उरतो तो शोक, हिशेब, आयुष्याकडे वळून बघणं. मूळ गाण्यातल्या माणसाकडे वळून बघायला आयुष्यच नाहीये, तो अजून त्या काट्यावर बसलाय. ज्याला कॅशचं 'जास्त खरं' वाटतं त्याला बहुधा तो तीव्र म नको असतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी दोन्ही ऐकवतो आणि कुठला सूर गेला ते शोधायला लावतो.

मिक्सरबाई

मास्तर, अप्रतिम. एक पुरवणी : कॅशच्या 'हर्ट'चा व्हिडिओ मार्क रोमानेकने केला, आणि मूळ 'क्लोजर'चा व्हिडिओही त्याचाच. त्या 'क्लोजर'मध्ये जुनाट फिल्मवर चित्रित केलेलं एक विकृत संग्रहालय. एमटीव्हीने इतकी काटछाट मागितली की मध्ये 'दृश्य गहाळ' अशा पाट्या टाकल्या. आणि 'हर्ट'मध्ये कॅशचं बंद पडलेलं, धूळ खात असलेलं खरं संग्रहालय. एकाच दिग्दर्शकाने एकाच अल्बमच्या दोन टोकांना दोन संग्रहालयं उभी केली. तो व्हिडिओ बघितल्यावर रेझनर म्हणाला होता की हे गाणं आता माझं राहिलं नाही.

पेठेतला_पंक

आणि रुबिनची आणखी एक गोष्ट. अल्बम रखडला होता तेव्हा त्याने रेझनरला विचारलं होतं, हा का करतोयस? रेझनर म्हणाला, संपवायचाय म्हणून. रुबिनने त्याला त्यावर चांगलंच झापलं, की अल्बम करण्याचं याहून मूर्ख कारण ऐकलं नाही. त्याच रुबिनने आठ वर्षांनी त्यातलं शेवटचं गाणं कॅशला दिलं.

निवांत_नर्स

गंभीर सूचना, राग मानू नये. धाग्यात 'माणसाचं जे व्हायचं ते होतं' असं मोघम लिहिलंय. स्पष्ट सांगायला हवं की अल्बमची गोष्ट आत्महत्येपर्यंत जाते आणि शीर्षकगीतात ते उघड आहे. ज्यांचे सध्याचे दिवस वाईट चाललेत त्यांनी रात्री एकट्याने पहिल्यांदा हे ऐकू नये. कोणाशीतरी बोलावं, अल्बम कुठे पळून जात नाही. स्वतः रेझनरही पुढे व्यसनात बुडाला आणि उपचार घेऊन बाहेर आला, पुढे सिनेमाच्या संगीतासाठी दोन ऑस्कर घेतले. गोष्टीतला माणूस आणि ती लिहिणारा माणूस यांची वाट एक नव्हती, हे तरुण वाचकांना माहीत असावं.

गंजका_खिळा

अजिबात राग नाही. हे मूळ धाग्यात वर डकवायला संपादकांना विनंती करतो.

मटकी_उसळ

रविवारी पूर्ण ऐकला, शफल बंद करून. 'अ वॉर्म प्लेस' दोनदा. 'इरेजर' सुरू झाल्यावर दीड-दोन मिनिटं काहीच होत नाही असं वाटलं, नुसतं श्वासासारखं काहीतरी, मग ड्रम आले आणि मी खुर्चीत सरळ झालो. 'हेरसी' आणि 'रुइनर' मला सारखीच वाटली. 'रुइनर'मधला गिटारचा भाग सोडून. आता प्रश्न : कुठली आवृत्ती घेऊ? ऑनलाइन तीन-चार दिसतात.

मिक्सरबाई

१९९४ ची मूळ सीडी कुठे मिळाली तर तीच. २००४ मध्ये दहा वर्षं झाली म्हणून विशेष आवृत्ती आली, त्यात ५.१ सराउंड मिक्स आहे. घरी तशी सिस्टीम असेल तर 'द बिकमिंग' त्यावर ऐकायला मजा येते, नसेल तर त्यावर पैसे घालवू नका. 'फर्दर डाउन द स्पायरल' दिसला तर तो अल्बम नव्हे, रीमिक्सचा संग्रह आहे. आणि फोनच्या स्पीकरवर ऐकून 'पिगी'त बासच नाही म्हणून इथे तक्रार करू नये.

सांगलीचा_फ्लॉइड

ऐकला. 'हर्ट' आणि ते शब्द नसलेलं, दोन्ही ठेवून घेतलं. बाकी बारा गाणी तरुणांना लखलाभ. खिळेसाहेब, १९९९ च्या 'द फ्रॅजाइल'वर धागा काढा, तो दोन सीडींचा आहे म्हणे, म्हणजे आमच्या काळाच्या जवळचा असेल.

गंजका_खिळा

काढतो काका. पण आधी मास्तरांनी पेटी आणि धा_धिं_ना यांनी तबला घेऊन यायचं कबूल करावं.